दर सोमवारी रुसणारा संगणक

श्रोतेहो, नमस्कार. सकाळी ऑफिसात आलात, ईमेल उघडायला गेलात, पासवर्ड टाकला आणि समोर लाल अक्षरं: साइन-इन होत नाही. पुन्हा टाकला, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा तर आपण बोटं आपटत टाकतो. थांबा. आधी घड्याळ बघा. भिंतीवरचं नव्हे, स्क्रीनच्या कोपऱ्यातलं. का, ते सांगतो.

काही वर्षांपूर्वी एका पतसंस्थेचे संगणक माझ्याकडे देखभालीला होते. तिथल्या कॅशियरबाईंचा दर सोमवारी दहा वाजून पाच मिनिटांनी फोन ठरलेला. "अहो, आत घेत नाहीये." दुपारी पुन्हा फोन, "राहू द्या, झालं आपोआप." मंगळवार ते शनिवार सगळं सुरळीत. बाईंचा सोमवारचा उपास असायचा; त्या म्हणायच्या, मशीनही धरतंय वाटतं. मी पासवर्ड बदलून दिला, मायक्रोसॉफ्ट ऑफिस काढून नव्याने टाकलं. सोमवार आला की फोन आलाच.

शेवटी एका सोमवारी पावणेदहालाच जाऊन बसलो. शिपाईमामा आले, त्यांनी कुलूप काढलं, देवाच्या फोटोला उदबत्ती लावली आणि खटकन मेन स्विच वर केला. मी विचारलं, "मामा, मेन रोज पाडता?" "छे, फक्त शनिवारी संध्याकाळी. रविवारी उगाच वीज कशाला?" (आणि मामांचं चुकत नव्हतं बरं का. सुट्टीच्या दिवशी रिकाम्या खोल्यांत दिवे जळत ठेवणाऱ्या साहेबांनी मामांची शिकवणी लावावी.) मशीन सुरू केलं. तारीख: १ जानेवारी, कित्येक वर्षांपूर्वीची.

संगणकाच्या पोटात रुपयाच्या नाण्याएवढा सेल असतो, सीआर २०३२, तीन व्होल्टचा. वीज नसताना घड्याळ चालतं ते त्याच्यावर. तो संपला होता. रोज रात्री मशीन बंद व्हायचं, पण मेन चालू असल्याने घड्याळ टिकायचं. रविवारी मेन बंद, की घड्याळ मागे.

मग दुपारी आपोआप कसं व्हायचं? तिथला नवा क्लार्क मान खाली घालून म्हणाला, "पावत्यांवर तारीख चुकीची येते ना, म्हणून मी दुपारी ती नीट करतो. पण त्याचा ईमेलशी काय संबंध?" कोपऱ्यावरच्या घड्याळवाल्याकडून सेल आणून बसवला. पुढच्या सोमवारी फोन आला नाही, तर मलाच करमेना; मीच केला. बाई म्हणाल्या, "उघडलं हो. आज उपास एकटीचाच."

संबंध असा. पलीकडचा ईमेलचा सर्व्हर स्वतःच्या ओळखीचं प्रमाणपत्र दाखवतो, त्यावर अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत वैध असं असतं. तुमचं मशीन भूतकाळात असेल तर त्याला ते खोटं वाटतं. साइन-इनला मागतात तो मोबाइलच्या ॲपमधला सहा आकडी कोडही घड्याळावरच चालतो, दर ३० सेकंदांनी बदलतो. म्हणून पुन्हा सांगतो, आधी घड्याळ बघा, मोबाइलचंही. दोन्हीकडे तारीख-वेळ स्वयंचलित ठेवा.

घड्याळ बरोबर असेल तर कॅप्स लॉक बघा, कीबोर्ड मराठीवर तर नाही ना ते बघा. मग ब्राउझरची खासगी (इनकॉग्निटो) खिडकी उघडून तिथून साइन-इन करा. तिथे झालं तर खातं ठीक आहे, बहुधा मशीनमध्ये साठलेला जुना पासवर्ड आड येतोय. विंडोज असे पासवर्ड क्रेडेन्शियल मॅनेजरमध्ये साठवतं, तिथून तो काढा. मायक्रोसॉफ्टने २०२० मध्ये ऑफिस ३६५ चं बारसं मायक्रोसॉफ्ट ३६५ असं केलं, २०२३ मध्ये साइन-इन सांभाळणाऱ्या ॲझ्युर ॲक्टिव्ह डिरेक्टरीला एन्ट्रा आयडी म्हणायला लागले. नावं बदलण्याऐवजी काय चुकलं हे सांगणारा संदेश सरळ लिहिला असता तर आम्ही पेढे वाटले असते.

आणि पासवर्ड आपटत राहू नका. दहाएक चुकांनंतर खातं थोडा वेळ कुलूपबंद होतं. ऑफिसची खाती सांभाळणाऱ्या ॲडमिनला फोन करण्याआधी लाल अक्षरांचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा, त्यातला आकडा त्याला लागतो. आणि फोनवर त्याने काही विचारण्याआधीच कोपऱ्यातली तारीख वाचून दाखवा.