पावसाळी डबके आणि बांधावरचा सरडा

(दृश्य : गोरेवाड्याच्या बाजूचे पडीक शेत, पहिल्या जोरदार पावसानंतरची सकाळ)

मे महिन्यात ४५ अंशांपलीकडे तापणाऱ्या नागपूरच्या जमिनीत जे प्राणी निपचित पडून राहिले होते, ते मृगाच्या पहिल्या दमदार पावसानंतर एका रात्रीत वर येतात. घोट्याइतक्या पाण्यात एकमेकांना ढकलणारे हे पिवळेधमक प्राणी म्हणजे भारतीय बुलफ्रॉग, शास्त्रीय नावाने होप्लोबॅट्राकस टायगेरिनस. एरवी हिरवट-तपकिरी असणारा नर विणीच्या थोड्या दिवसांपुरताच हा रंग धारण करतो आणि त्याच्या गळ्याच्या दोन्ही बाजूंच्या स्वरपिशव्या गडद निळ्या होतात. मादी मात्र आपला नेहमीचा रंग सोडत नाही. काठाशी बसलेली ती मादीच आहे.

आता या नराच्या गळ्याकडे पाहावे. जबड्याखालची त्वचा सतत वरखाली होत आहे, कारण बेडकाला छाती फुगवून श्वास घेता येत नाही. तो तोंडात घेतलेली हवा गिळल्याप्रमाणे फुप्फुसांत ढकलतो. उरलेला श्वास तो त्वचेतून घेतो आणि पाणीही तोंडाने न पिता त्वचेतूनच शोषतो. ही त्वचा ओलसर आणि पातळ असणे त्याच्यासाठी अनिवार्य आहे, आणि म्हणूनच पाण्यात मिसळलेले कीटकनाशकही तिच्यातून सहज आत शिरते.

(दृश्य : पाण्यातील अंडी, नंतर टॅडपोल)

बेडकाच्या अंड्याला कवच नसते. जेलीसारख्या आवरणातील हे काळे ठिपके पाण्याबाहेर काढले तर लवकरच सुकून जातील. पाण्यात मात्र त्यांतून कल्ल्यांनी श्वास घेणारे, शेपटीने पोहणारे टॅडपोल बाहेर पडतात. बुलफ्रॉगचे टॅडपोल मांसाहारी असून इतर बेडकांच्या टॅडपोलांनाही खातात. पुढच्या काही आठवड्यांत थायरॉइड ग्रंथीच्या संप्रेरकाच्या प्रभावाने आधी मागचे पाय बाहेर येतात, मग पुढचे, आणि शेपटी गळून न पडता शरीरातच शोषली जाते. ही सारी घडामोड डबके आटण्यापूर्वी पूर्ण व्हावी लागते. तलावात पाणी वर्षभर असते हे खरे. पण तिथे टॅडपोल खाणारे मासेही असतात, त्यामुळे अशा तात्पुरत्या, मासे नसलेल्या डबक्याचे मोल, आपल्याला ते चिखलाचा खड्डा वाटत असले तरी, फार मोठे आहे.

(दृश्य : बांधावरील मादी सरडा)

त्याच शेताच्या बांधावर ही मादी सरडा पुढच्या पायांनी ओली माती उकरत आहे. कॅलोटेस व्हर्सिकलर हे तिचे शास्त्रीय नाव. ती खड्ड्यात साधारण १० ते २० अंडी घालते, माती लोटून जागा सपाट करते आणि निघून जाते. या अंड्याला चिवट, चामड्यासारखे कवच आहे आणि आत उल्ब नावाची पातळ पिशवी आहे. तिच्यातील द्रवात गर्भ वाढतो, म्हणजे बेडकाला जे डबके बाहेर शोधावे लागते त्याची सोय इथे अंड्यातच झालेली असते. सुमारे ३१ कोटी वर्षांपूर्वी अशा अंड्याच्या बळावर कणाधारी प्राणी पाण्यापासून दूर जाऊन वाढू शकले. सरड्याची खवल्यांची कोरडी त्वचा आणि बरगड्यांच्या हालचालीवर चालणारा श्वास याच जीवनाला साजेसा आहे.

इतका फरक असूनही सजीवांच्या वर्गीकरणाचा पाया घालणारा स्वीडिश शास्त्रज्ञ कार्ल लिनियस याने १७५८ साली बेडूक, सरडे आणि साप या सर्वांना ‘अ‍ॅम्फिबिया’ या एकाच वर्गात टाकले. त्याला हे प्राणी किळसवाणे वाटत, आणि तो तिरस्कार त्याच्या लेखनातही दिसतो. फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ पिएर लात्रेय याने १८२५ मध्ये उभयचर आणि सरपटणारे असे दोन स्वतंत्र वर्ग मानले. उभयचरांचे आज तीन गण आहेत. आपल्या चित्रणात त्यांपैकी फक्त बेडकांचा आहे. पाय नसलेले देवगांडूळ आणि शेपटीचे सॅलॅमँडर हे उरलेले दोन. सरपटणाऱ्यांमध्ये सरडे, पाली व साप यांचा एक गण, कासवांचा दुसरा, मगरींचा तिसरा आणि न्यूझीलंडमधील, सरड्यासारख्या दिसणाऱ्या टुआटाराचा चौथा. मात्र ही मांडणीही अपुरी आहे, कारण वंशाच्या नात्याने मगर सरड्यापेक्षा पक्ष्यांना अधिक जवळची आहे, आणि आधुनिक वर्गीकरणात पक्ष्यांना वगळून सरपटणाऱ्यांचा वर्ग पूर्ण होत नाही.

(दृश्य : ट्रकमधून पडणारा मुरूम)

बेडकांच्या तंगड्यांची निर्यात भारताने १९८७ मध्ये बंद केली. पण शहराच्या कडेने घरांसाठी नवीन ले-आऊट पडत आहेत, त्यांसाठी डबक्यांत मुरूम भरला जात आहे, आणि बुजलेल्या डबक्यात बुलफ्रॉगला अंडी घालता येत नाहीत.