देवयानीचा राग

श्रोतेहो, नमस्कार. प्रेम मोठं की कर्तव्य, असा विषय निघाला की कचाचं नाव हमखास घेतलं जातं. मोहात अडकला नाही, विद्या घेऊन परतला, अशी त्याची थोरवी सांगतात. मला मात्र महाभारताच्या आदिपर्वातली ही कथा वाचताना दर वेळी देवयानीची बाजू घ्यावीशी वाटते.

असुरांचे गुरू शुक्राचार्य संजीवनी विद्येने मेलेल्या असुरांना उठवत होते. देवांकडे ती विद्या नव्हती. म्हणून त्यांनी बृहस्पतींच्या मुलाला, कचाला, शुक्राचार्यांकडे शिष्य म्हणून धाडलं आणि बजावलं, की त्यांची मुलगी देवयानी प्रसन्न झाली तर विद्या नक्की मिळेल. म्हणजे तिचं मन जिंकणं हा कर्तव्याचाच भाग होता!

हजार वर्षांचं व्रत घेऊन कच राहिला. तिच्यासाठी गायला, नाचला, रानातून फुलं-फळं आणली. तीही त्याच्याजवळ गात असे, त्याची सेवा करत असे. असुरांनी त्याला मारून लांडग्यांना घातलं. गाई एकट्याच परतल्या, सूर्य मावळला, तेव्हा कच आला नाही म्हणून कासावीस झाली ती देवयानी. ‘त्याच्यावाचून मी जगणार नाही,’ असं तिने वडिलांना सांगितलं, म्हणून तो उठला. पुन्हा मारला, पुन्हा तिच्यासाठीच उठला. तिसऱ्यांदा त्याची राख मद्यातून गुरूंनाच पाजली. तेव्हाही ती रडली, आणि पोटातल्या शिष्याला विद्या देण्यावाचून शुक्राचार्यांना इलाज उरला नाही. कच पोट फाडून बाहेर आला आणि त्याच विद्येने त्याने गुरूंना उठवलं.

व्रत संपल्यावर तिने सरळ सांगितलं, माझं पाणिग्रहण कर. तो म्हणाला, तू गुरुकन्या, मला पूज्य. शिवाय गुरूंच्या उदरात मीही राहिलो, तेव्हा तू माझी बहीण. धर्माला बाध येणार नाही अशा बेताने, बोलण्याच्या ओघात माझी आठवण काढ, एवढंच त्याने मागितलं. त्याचंही मन गुंतलं होतं, असं मला वाटतं ते या मागण्यावरून.

‘तुझी विद्या फळणार नाही,’ असा तिने शाप दिला. ‘मी शिकवीन त्याला फळेल, आणि तुला कोणी ऋषिपुत्र वरणार नाही,’ असं तो उलट म्हणाला. विद्या नेणं त्याचं कर्तव्य होतं, नकार देण्याचा त्याला अधिकार होता. पण जिच्या हट्टापायी आपण तीनदा जगलो, तिला उलटा शाप? तो मी माफ करू शकत नाही.

स्वर्गात देवांनी त्याचा सत्कार केला, ठरल्याप्रमाणे यज्ञात वाटाही दिला. त्या कौतुकात देवयानीचं नाव कुणीच घेतलं नाही.