श्वासांच्या रकान्यातला वीस

सरकारी रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागातला निरीक्षण तक्ता हातात घ्या. नाडी ११२, ११८, १२४ अशी चढत गेलेली दिसेल, रक्तदाब खालीवर झालेला दिसेल. श्वासांच्या रकान्यात मात्र पुष्कळदा वरपासून खालपर्यंत २०, २०, २०. पेशंटला न्यूमोनिया असो नाहीतर नुकतेच झटके येऊन गेलेले असोत, श्वास आपले वीस! नाडी आणि रक्तदाब मॉनिटर देतो. श्वास मोजायला घड्याळ धरून पूर्ण एक मिनिट छातीकडे बघत उभं राहावं लागतं, आणि रात्रपाळीला एका सिस्टरकडे सहा-आठ पेशंट असले तर ते मिनिट सापडत नाही. मातामृत्यूबद्दल बोलताना लोक व्हेंटिलेटरपासून सुरुवात करतात. मी या वीसपासून करतो.

२०१८ ते २०२० या काळात भारतात दर लाख जिवंत जन्मांमागे ९७ मातामृत्यू होत होते, महाराष्ट्रात ३३. घरातली बाळंतपणं कमी झाली तशी मृत्यूची जागाही घरातून दवाखान्यात सरकली. थॅडियस आणि मेन या दोघींनी १९९४ मध्ये तीन विलंब मांडले होते: जायचं ठरवायला उशीर, पोचायला उशीर आणि पोचल्यावर उपचार मिळायला उशीर. पहिल्या दोघांवर आशाताई, १०८ ची गाडी, जननी सुरक्षा योजना असे उपाय झाले. तिसरा दवाखान्याच्या भिंतींच्या आत आहे. तिथे गाडी पाठवून भागत नाही.

बाळंतिणीचं शरीर फसवतं, हे आधी समजून घेऊ. दिवस भरत येतात तेव्हा अंगातलं रक्त चाळीस-पन्नास टक्क्यांनी वाढलेलं असतं. त्यामुळे लिटरभर रक्त गेलं तरी रक्तदाब ११०/७० दिसू शकतो. पळत असते ती नाडी. म्हणून नाडीला वरच्या रक्तदाबाने भागा: उत्तर ०.९ च्या वर गेलं की सावध व्हायचं. नाडी ११०, रक्तदाब १०० म्हणजे १.१; ती बाई शॉकच्या, म्हणजे अवयवांना रक्त कमी पडण्याच्या, दारात आहे, बोलत असली तरी.

दुसरी फसगत लॅबच्या रिपोर्टची. त्यावर छापलेली नॉर्मलची मर्यादा गरोदर बाईची नसते. मूत्रपिंडाचं काम सांगणारं क्रिएटिनिन १.१ आलं तर रिपोर्ट ‘ठीक’ म्हणतो. गरोदरपणात ते ०.४ ते ०.८ च्या दरम्यान असायला हवं. रक्तातल्या कार्बन डायऑक्साइडचा दाब ४० आला की आपण पान उलटतो. गरोदर बाईचा तो ३० च्या आसपास असतो. धाप लागलेल्या बाईचा आकडा चाळिसावर आला तर ती सुधारत नाहीये, दमतेय.

आता रक्तस्राव. ‘बाळंतपण म्हटलं की अंगावरून जायचंच’ हे वाक्य लेबर रूममध्ये जितकं ऐकू येतं तितकं धोक्याचं. डोळ्यांनी लावलेला अंदाज नेहमी कमी भरतो. ४५ सेंटिमीटरचा चौकोनी मॉप (रक्त टिपायचं कापड) पूर्ण भिजला तर त्यात साधारण ३५० मिली रक्त असतं. असे तीन म्हणजे लिटर झालं. साधा वजनकाटा ठेवा: भिजलेल्या मॉपच्या वजनातून कोरड्याचं वजा करा, एक ग्रॅमला एक मिली धरा. त्याहून सोपी, मापाच्या खुणा असलेली प्लास्टिकची थैली, जी बाळ बाहेर आल्यावर कमरेखाली सरकवायची. केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानिया इथल्या दोन लाखांहून अधिक प्रसूतींवर झालेला ई-मोटिव्ह अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. ही थैली, आणि रक्तस्राव ओळखताच गर्भपिशवीचं मालिश, ती आवळणारं ऑक्सिटोसिन, रक्ताची गुठळी टिकवणारं ट्रानेक्सॅमिक अ‍ॅसिड, सलाईन व आतून तपासणी हे एकामागून एक न करता सगळं एकदम, एवढ्याने गंभीर रक्तस्राव, त्यासाठी पोट उघडण्याची वेळ किंवा त्यातून होणारा मृत्यू यांचं एकत्रित प्रमाण ६० टक्क्यांनी घटलं. यात महागडं यंत्र एकही नाही.

ट्रानेक्सॅमिकच्या ५०० मिलिग्रॅमच्या दोन अँप्युल, म्हणजे १ ग्रॅम, शिरेतून दहा मिनिटांत. थांबलं नाही तर अर्ध्या तासाने आणखी एक ग्रॅम. पण हे औषध बाळंतपणानंतर तीन तासांच्या आत द्यायचं, आणि त्यातही दर पंधरा मिनिटांच्या उशिराने त्याचा फायदा सुमारे दहा टक्क्यांनी घटत जातो. रेफर होऊन पाचव्या तासाला आयसीयूत आलेल्या बाईसाठी त्याची वेळ संपलेली असते. तिच्याबरोबर बहुधा चार लिटर सलाईन आलेलं असतं. त्याने रक्त पातळ झालेलं, अंग गार पडलेलं, आणि रक्त गोठण्याची ताकद दोन्हीकडून मार खाल्लेली. लॅब बंद असेल तर काचेच्या (प्लास्टिकच्या नव्हे) कोरड्या परीक्षानळीत २ मिली रक्त घ्या, मुठीत उबेला धरा, चार मिनिटांनी तिरकी करून बघा. सात मिनिटांनीही घट्ट गुठळी झाली नाही, किंवा झालेली सहज फुटली, तर नुसत्या लाल पेशींच्या पिशव्यांनी भागणार नाही, प्लाझ्मा (रक्त गोठवणारे घटक असलेला द्रव भाग) मागवा. आणि हो, ऑक्सिटोसिनची जागा फ्रीजमध्ये २ ते ८ अंशांवर. मे महिनाभर लेबर रूमच्या ट्रेमध्ये पडून राहिलेली अँप्युल आपण टोचतो आणि मग म्हणतो, गर्भपिशवी आवळतच नाही.

गरोदरपणात रक्तदाब चढून येणाऱ्या झटक्यांचं (एक्लॅम्पसिया) गणित याहून नेमकं आहे. त्यावरचं औषध मॅगसल्फ, म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट. त्याची ५० टक्क्यांची २ मिलीची अँप्युल म्हणजे १ ग्रॅम. पहिला पूर्ण डोस १४ ग्रॅम, म्हणजे १४ अँप्युल. त्यांपैकी चार, म्हणजे ८ मिली, त्यात १२ मिली डिस्टिल्ड वॉटर घालून २० मिली करायचं आणि शिरेतून पाच मिनिटांहून कमी नाही अशा बेताने सोडायचं. पातळ न करता शिरेत कधीच नाही. उरलेल्या दहा अँप्युल, पाच-पाच प्रत्येक कुल्ल्यात खोल. मग दर चार तासांनी पाच अँप्युल आलटूनपालटून, शेवटच्या झटक्यापासून किंवा बाळंतपणापासून, जे नंतर झालं असेल तिथून, २४ तास. सिरिंज पंप नसलेल्या ठिकाणी ही जुनी प्रिचर्ड पद्धत चालते. पंप असलेल्या पुस्तकी पद्धतीची नक्कल करायला जाऊ नये.

चुकतं कुठे? एक, भीतीपोटी चार ग्रॅम देऊन गाडीत बसवतात आणि वाटेत पुन्हा झटका येतो. दोन, पुढचा डोस घड्याळ बघून दिला जातो, पेशंट बघून नाही. प्रत्येक डोसआधी तीन गोष्टी: गुडघ्यावर ठोकल्यावर पाय उडतो का, चार तासांत किमान १०० मिली लघवी झाली का, आणि श्वास मिनिटाला १६ तरी आहेत का. मॅग्नेशियम मूत्रपिंडातूनच बाहेर पडतं. लघवी थांबली की ते साठतं, आधी गुडघ्याची उडी जाते, मग श्वास मंदावतो. आता सांगा, रकान्यात २० लिहिलंय आणि प्रत्यक्षात श्वास ९ आहेत, तर पुढचे पाच अँप्युल कोण अडवणार? कॅल्शियम ग्लुकोनेट १० टक्के, १० मिली, सावकाश शिरेतून, हा त्यावरचा उतारा. तो खाटेच्या उशाशी हवा, स्टोअरच्या कपाटात नको.

याच बाईचा दुसरा शत्रू म्हणजे सलाईन. ‘सलाईन लावलं’ म्हणजे उपचार झाला, अशी आपल्याकडे नातेवाइकांचीही समजूत असते आणि कधीकधी आपलीही. प्री-एक्लॅम्पसियात, म्हणजे झटक्यांआधीच्या वाढत्या रक्तदाबाच्या आजारात, रक्तवाहिन्या झिरपतात. रक्तस्राव नसेल तर सगळ्या नळ्या मिळून तासाला ८० मिली, २० थेंबांना एक मिली असलेल्या सेटवर मिनिटाला २७ थेंब, त्याहून जास्त नाही. लघवी कमी होतेय म्हणून बाटलीमागून बाटली चढवली की पाणी फुप्फुसात उतरतं. व्हेंटिलेटरवर जाणाऱ्या काही बाया आजारामुळे नाही, या बाटल्यांमुळे जातात. रक्तदाब १६०/११० झाला तर अर्ध्या ते एका तासात तो खाली आणायचा, पण १४०-१५० वर थांबायचं. लॅबेटॅलॉल २० मिलिग्रॅमने सुरू करून दहा मिनिटांनी ४०, मग ८०. निफेडिपिन गिळायला द्या, जिभेखाली फोडू नका.

जंतुसंसर्गाबद्दल एवढंच: पहिलं अँटिबायोटिक पहिल्या तासात, रेफर करणाऱ्याने, गाडी निघायच्या आधी.

गाडीचंही गणित करा. बी-टाइप सिलिंडरमध्ये सुमारे १,५०० लिटर ऑक्सिजन मावतो. मिनिटाला १० लिटर सोडला तर अडीच तास. मेळघाटातल्या धारणीहून अमरावतीला घाटातून तीन तासांहून जास्त लागतात. एकच सिलिंडर असेल तर तो वाटेत संपणार, हे निघतानाच कळायला हवं. जंबोत, म्हणजे मोठ्या सिलिंडरमध्ये, ७,००० लिटर. त्याच वेगाने बारा तासांना थोडा कमी. नाकातून जोराच्या झोताने ऑक्सिजन देणाऱ्या हाय-फ्लो मशीनवर मिनिटाला ६० लिटर लावले तर तोच जंबो दोन तासही पुरत नाही. रात्री बारा वाजता हाय-फ्लो लावताना खालच्या मजल्यावर किती जंबो भरलेले आहेत हे आधी विचारा.

राहतो मृत्यूनंतरचा कागद. दवाखान्यातल्या मातामृत्यूची प्राथमिक माहिती २४ तासांत कळवायची असते आणि मग समिती बसते. कारणाच्या रकान्यात ‘हृदय व श्वसनक्रिया बंद पडणे’ लिहिलेलं असेल तर तो कागद परत पाठवा. ते मरण्याचं वर्णन झालं, कारण नव्हे. समितीसमोर येतात ते बहुधा आयसीयूचे कागद, आणि ते सुरू होतात आयसीयूत दाखल झाल्याच्या वेळेपासून. खरी गोष्ट त्याआधी घडून गेलेली असते. म्हणून पार्टोग्राफ (प्रसूती कशी पुढे सरकली त्याचा तक्ता) मागवा, भूलतज्ज्ञाची नोंद मागवा, रक्तपेढीची मागणीची चिठ्ठी मागवा, १०८ ची वेळ मागवा, आणि सगळ्या वेळा एका ओळीत मांडा. रक्त कधी मागितलं आणि पहिली पिशवी कधी लागली, यामधलं अंतर त्या ओळीत उघडं पडतं. एक गोष्ट मात्र या कागदांमधूनही हाती लागणार नाही. श्वासांच्या रकान्यात सलग वीस असतील, तर त्या बाईला धाप नेमकी कधी लागली, हे आता कुणालाच सांगता येणार नाही.