सगळे माझ्या घरी या!

नमस्कार श्रोतेहो. आज बोलायचंय ॲलिस्टर ब्राउनली यांच्याविषयी. त्याच नावाचा ऑलिंपिक विजेता ट्रायथलॉनपटू आहे, तो वेगळा. हे आपले रेडिओवाले. इंग्लंडच्या ईशान्येला टीज नदीकाठी मिडल्सबरो म्हणून लोखंड-पोलादाचं गाव आहे. तिथल्या फुटबॉल क्लबच्या सामन्यांचं धावतं समालोचन त्यांनी स्थानिक रेडिओवर तीस वर्षांहून अधिक काळ केलं.

रेडिओवर फुटबॉल सांगणं अवघड. चेंडू कुठं आहे, कुणाकडं आहे आणि स्कोअर काय, ही तीन कामं. चेंडू, खेळाडू, स्कोअर! कुणी आत्ताच रेडिओ लावलेला असतो, कुणी फोडणी देऊन परत आलेलं असतं. त्यांना स्कोअर पुन्हा सांगावाच लागतो. हल्ली टीव्हीवरचे समालोचक आकडेवारीचे पाढे म्हणतात आणि गोल झाला की ओरडतात, असो.

आता ती रात्र. २७ एप्रिल २००६, यूएफा कप या युरोपातल्या क्लबांच्या स्पर्धेत मिडल्सबरोची उपांत्य फेरी, दोन सामन्यांची. समोर रुमानियाचा स्टेआवा बुखारेस्ट. पहिला सामना तिकडं ०-१ हरलेला. घरच्या मैदानावर पाऊण तासाच्या आतच स्टेआवाचे आणखी दोन गोल. म्हणजे एकूण ०-३. एकूण बरोबरी झाली तर परक्या मैदानावरच्या गोलांना तेव्हा जास्त मोल होतं, त्यामुळे तीन करून भागणार नव्हतं, चार हवे होते. लक्षात ठेवा, चार!

बदली म्हणून आलेल्या मासिमो माकारोनेनं एक मारला. मध्यंतरानंतर व्हिदुकाचा दुसरा, रिगटचा तिसरा. तीन झाले, पण चार हवेत. एकोणनव्वदावं मिनिट. डावीकडून डाउनिंगचा क्रॉस, माकारोनेनं अंग झोकून दिलं, हेडर, गोल! चार!

आणि ब्राउनली सुटले. ‘आइंडहोवन, आइंडहोवन!’ अंतिम सामना तिथं, नेदरलँड्समध्ये होता ना. मग थेट १८७६, क्लबचं स्थापनावर्ष. मग ब्रिटिश राजकारणी ग्लॅडस्टननं एकोणिसाव्या शतकात या गावाला दिलेलं ‘बाल हर्क्युलिस’ हे नाव, टीजकाठच्या भट्ट्या, एस्टनच्या डोंगरातल्या खाणी. एका गोलमागे गावाचा सगळा इतिहास! आणि शेवटी काय? सगळ्यांनी माझ्या घरी या, पार्मो खायला!

पार्मो म्हणजे तिकडचा खास पदार्थ. कोंबडीचा चपटा तुकडा ब्रेडच्या चुऱ्यात घोळवून तळायचा, वर पांढरा सॉस, वर चीज. आमच्या तांबड्या रश्शापुढे फिका वाटेल, पण तिथं जीव की प्राण. लंडनहून आलेल्या समालोचकाला हे सुचलं असतं का? मला तर वाटतं, कोल्हापुरात पाटाकडील आणि शिवाजी मंडळ या फुटबॉल संघांचा सामना रेडिओवर सांगायचा झाला, तर माणूस पेठेतलाच हवा. उच्चार थोडे इकडचे तिकडे झाले तरी चालतील.

अंतिम सामन्यात स्पेनच्या सेव्हियानं मिडल्सबरोला ४-० असं धुतलं. ब्राउनलींचं काम पुढेही चालूच राहिलं. १४ फेब्रुवारी २०१६ ला ते कर्करोगानं गेले. त्याच वर्षी मे महिन्यात क्लब पुन्हा प्रीमियर लीगमध्ये, म्हणजे इंग्लंडच्या सर्वांत वरच्या साखळीत चढला.

त्या गोलची ध्वनिफीत इंटरनेटवर मिळते. इंग्रजी भरभर आहे, सगळं कळणार नाही. तरी माकारोनेचं नाव आलं की आवाज जरा मोठा करा. नमस्कार.