एक्का-राजा हातात, तरीही फोल्ड?

हे बघा, ही माझ्याच पोकरच्या खेळाची रेकॉर्डिंग आहे. इथे थांबवतो. टूर्नामेंटमध्ये चौघे उरलोय आणि बक्षीस तिघांनाच. म्हणजे बबल. चौघांकडे सारखेच, 20,000 चिप्स. ब्लाइंड, म्हणजे पत्ते बघण्याआधी दोघांना लावावी लागणारी पैज, 400-800. दोघांनी पत्ते टाकले, म्हणजे फोल्ड. 400 लावणारा स्मॉल ब्लाइंडवाला थेट ऑल-इन, सगळे चिप्स पुढे. मी 800 च्या बिग ब्लाइंडवर, हातात इस्पिक एक्का आणि बदाम राजा.

केला कॉल, म्हणजे मीही तेवढेच चिप्स लावले. त्याने उलटल्या दोन अठ्ठ्या. टेबलवर दोघांचे सामाईक पाच पत्ते पडले, त्यात ना एक्का, ना राजा. नंबर चौथा, हातात भोपळा.

पुढे कितीतरी दिवस भेटेल त्याला मी 'नशीबच फुटकं' ऐकवत होतो. मित्रही बिचारे म्हणायचे, एक्का-राजा कोण टाकतं रे! मग एकदा कागद घेऊन बसलो आणि गप्पच झालो.

एकूण बक्षीस 100 धरा. पहिल्याला 50, दुसऱ्याला 30, तिसऱ्याला 20. चौघांचे चिप्स सारखे, म्हणजे प्रत्येकाचा वाटा 25. आता मी जिंकलो तर माझे चिप्स दुप्पट. वाटाही दुप्पट, 50? मला तसंच वाटायचं. पण पहिल्याला सगळे चिप्स मिळाले तरी बक्षीस 50च मिळतं ना! निम्मे चिप्स माझे, म्हणून पहिला येण्याची शक्यता निम्मी, दुसरा एक तृतीयांश, तिसरा एक षष्ठांश. गुणून बेरीज केली की येतात 38.33. चिप्सवरून बक्षिसातला वाटा काढायच्या याच हिशेबाला आयसीएम (इंडिपेंडंट चिप मॉडेल) म्हणतात.

म्हणजे जिंकलो तर 13.33 वाढणार, हरलो तर 25 जाणार. मग उरलेले 11.67 गेले कुठे? जे दोघं पत्ते टाकून गंमत बघत बसले होते, त्यांच्या खिशात! आमच्यात कोणीही हरो, त्या प्रत्येकाचा वाटा 25 वरून जवळपास 31 वर जातो. आम्ही दोघं त्यांच्यासाठी भांडत होतो, आणि ते कळलं नव्हतं मला एकट्यालाच, बहुतेक.

पत्ते टाकले तर साधारण 25, कॉल करून जिंकलो तर 38.33. आता 25 भागिले 38.33. कॉल परवडायला जिंकण्याची शक्यता हवी साधारण 65 टक्के. ब्लाइंडमुळे आकडा थोडा खाली येतो, पण थोडाच. आणि एक्का-राजाची शक्यता? समोरचा न बघता कुठलेही दोन पत्ते घेऊन आला असता, तरी 65च्या आसपास! 25 बिग ब्लाइंड, म्हणजे सगळे 20,000 चिप्स, कोणी न बघता ढकलत नाही. अठ्ठ्यांसारखी जोडी असेल तर मी 45च्या आसपास.

त्यामुळे रिव्हरला, म्हणजे शेवटच्या पाचव्या पत्त्याला, राजा पडून मी जिंकलो असतो, तरी तो कॉल चुकलेलाच होता. हे पचायला मला हरण्यापेक्षा जास्त वेळ लागला.

आता स्क्रीनच्या कोपऱ्यातलं घड्याळ बघा. विचाराला 25 सेकंद होते. मी कॉल दाबला तेव्हा शिल्लक आहेत 23.