दाढ काढल्यावर माणूस असा का वागतो?

(सांगलीत दिलेल्या व्याख्यानाचा संपादित अंश)

मंडळी, दाढ काढायची म्हटलं की आपण दुखण्याला भितो. भुलीनंतर जे घडू शकतं, त्याची कल्पना मात्र रुग्णाला फार कमी वेळा दिली जाते. माझी तक्रार तिथंच आहे.

जतचा किंवा तासगावचा माणूस पहिल्या एसटीनं सांगली-मिरजेला येतो. रात्रभर झोप नाही, पोटात काही नाही. सुई टोचली की मिनिटाभरात छाती धडधडते, हात थरथरतात. त्याला वाटतं, आता आपलं काही खरं नाही. दातांसाठीच्या लिग्नोकेनमध्ये, म्हणजे हिरडी बधिर करायच्या औषधात, बहुधा ॲड्रिनॅलिन मिसळलेलं असतं, आपल्याकडे सहसा १:८०,००० या प्रमाणात. त्यानं रक्तवाहिन्या आकसतात, रक्त कमी जातं, बधिरपणा टिकतो. पण त्यातलं थोडं पटकन रक्तात मिसळलं की ही धडधड सुरू होते, आणि काही मिनिटांत ओसरतेही. कुणाला घाम फुटून डोळ्यांपुढे अंधारी येते. ती भीतीनं नाडी मंदावून, रक्तदाब उतरून आलेली चक्कर. आडवं करून पाय वर घेतले की बहुतेकांना बरं वाटतं.

मग घरी सांगितलं जातं, "मला इंजेक्शन चालत नाही." हा शिक्का जन्मभर राहतो. पुढं दाढ सडली, गाल सुजला, तरी माणूस दवाखान्याची पायरी चढत नाही. याचं मला फार वाईट वाटतं, कारण लिग्नोकेनची खरी ॲलर्जी अतिशय विरळ आहे. अंगावर गांधी उठणं, ओठ-जीभ सुजणं, श्वास अडकणं ही तिची लक्षणं. ती दिसली तर मात्र क्षणभरही थांबू नका.

क्वचित खालच्या जबड्यात दिलेलं औषध चेहऱ्याच्या नसेपर्यंत पोचतं. तोंड वाकडं होतं, एक डोळा मिटत नाही आणि घरच्यांना लकवाच वाटतो. लगेच डॉक्टरांना दाखवा. कारण औषधच असेल तर काही तासांत चेहरा पूर्ववत होतो. तोवर डोळा झाकून जपायचा.

पूर्ण भूल दिलेल्या लहान मुलांचं तर बघवत नाही. सेव्होफ्लुरेन या हुंगवायच्या औषधाच्या भुलीतून बाहेर येताना एखादं मूल किंचाळतं, हातपाय झाडतं, आईलाही ओळखत नाही. आई हादरते, आजी मीठ-मोहऱ्या उतरवायचं म्हणते. आजीला कशाला नावं ठेवायची? तिला आधी कुणी काही सांगितलंच नव्हतं. बहुतेक मुलं अर्ध्या तासाच्या आत शांत होतात आणि नंतर त्यांना यातलं काही आठवत नाही. केटामीन हे भुलीचं औषध दिल्यावर काही मोठ्यांनाही जागं होताना विचित्र भास होतात. हे सगळं शस्त्रक्रियेआधी सांगायला दोन मिनिटं पुरतात. डॉक्टरांनी सांगितलं नाही, तर तुम्ही विचारा.

आणि त्रास झालाच, तर चिठ्ठीवर लिहून घ्या: औषध कोणतं, किती दिलं, नेमकं काय झालं, किती वेळ टिकलं. नुसतं "रिॲक्शन आली" एवढं चालणार नाही. हृदयविकाराच्या, रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर त्याही आधीच सांगा. दुसऱ्या दिवशीही ओठ किंवा जीभ बधिरच राहिली, तर त्याच दवाखान्यात परत जा.