वरच्या दोन खोल्या

(पडदा काळा. मोटरीची घरघर. थोड्या वेळाने गच्चीवरच्या टाकीत पाणी पडू लागल्याचा आवाज. दृश्य हळूहळू उजळतं.)

पहाटेचे सव्वापाच. नाशिक. उत्तमनगर, सिडको. हौदावरची मोटर चालू आहे आणि जिन्याखाली एक बाई मान वर करून उभी आहे. टाकी किती भरली हे तिला आवाजावरून कळतं. अर्ध्या टाकीत पाणी पडतं तेव्हा आवाज पोकळ येतो. भरत आली की दबतो. आणि ओसंडायच्या आधी एक क्षण असा येतो की काहीच ऐकू येत नाही. बटण तेव्हा बंद करायचं.

"मुलाने अलार्म बसवला होता," काकू सांगतात. "टाकी भरली की हिंदीत ओरडायचा. सगळी गल्ली उठायची. काढून टाकला."

काकू या घराच्या मालकीण. वर दोन भाडेकरू, खाली त्या एकट्या. या फिल्ममध्ये त्यांचं नाव येणार नाही, ही त्यांचीच अट. भाडेकरूंनी पाहिली तर काय वाटेल, म्हणून. मालकाने भाडेकरूच्या मनाचा इतका विचार करावा, याचं आम्हाला पहिल्या दिवशी नवल वाटलं होतं. चौथ्या दिवशी वाटलं नाही.

(दृश्य: गल्ली. बैठ्या घरांवर चढलेले मजले, कुठे लोखंडी जिना, कुठे वर आलेल्या उघड्या सळया.)

महापालिकेच्या कागदावर या भागाचं नाव नवीन नाशिक. बोलताना सिडकोच. सिडको या सरकारी महामंडळाने सहा योजनांमध्ये इथे घरं बांधली. सातपूर आणि अंबडच्या कारखान्यांत काम करणाऱ्या अनेकांनी ती हप्त्याने घेतली. मूळ घर बैठं आणि लहान. मग बोनस आला त्या वर्षी कॉलम उभे राहिले, पीएफमधून पैसे काढले तेव्हा स्लॅब पडला, मुलीच्या लग्नानंतर दोन वर्षं सगळं थांबलं, आणि प्लास्टर राहिलं ते राहिलंच. कोणता मजला कोणत्या वर्षाचा, हे विटांच्या रंगावरून सांगता येतं.

काकूंचे यजमान सातपूरच्या एका कारखान्यात होते. कामगारांच्या ईपीएस-95 योजनेत 2014 पासून किमान पेन्शन महिन्याला 1000 रुपये आहे. काकूंच्या खात्यात जमा होते ती रक्कम याच्या फार पुढे नाही. पुढच्या खोलीचे 6500, मागच्या खोलीचे 4500. काकूंची खरी पेन्शन जिना चढून वर राहते.

(दृश्य: मीटरची पेटी. मोठ्या मीटरखाली दोन छोटे सबमीटर. खडूने लिहिलेले आकडे, पुसून पुन्हा लिहिलेले.)

महिन्याच्या वादाला सुरुवात इथून होते. महावितरणचं मीटर एक, घरं तीन. काकूंचे 90 युनिट, पुढच्या खोलीचे 80, मागच्या खोलीचे 70. तीन वेगळी मीटरं असती तर तिघंही पहिल्या शंभर युनिटांच्या स्वस्त दरात बसले असते. पण एकाच मीटरवर होतात 240. त्यातले 140 युनिट 101 ते 300 च्या टप्प्यात जातात आणि तिथला दर जवळपास दुप्पट आहे. म्हणून काकू युनिटला दहा रुपये लावतात. मागच्या खोलीतला मुलगा म्हणतो, माझ्या मित्राकडे आठ घेतात. काकू बिल दाखवतात. बिलावर स्थिर आकार, वहन आकार, वीज शुल्क अशी रांग असते. ती बघून मुलगा म्हणतो, बरं. पुढच्या महिन्यात पुन्हा आठ.

मग वेगळं मीटर का घेत नाही?

"त्याच्या नावाने बिल यायला लागलं, की उद्या तेच कागद घेऊन म्हणेल, मी इथलाच."

ही भीती नाशकातच काय, कुठल्याही गावच्या घरमालकाच्या तोंडी ऐकू येते. तिचाच दुसरा अवतार म्हणजे, बारा वर्षं राहिला की घर भाडेकरूचं होतं. तसं होत नाही. मालकाच्या परवानगीने राहणारा माणूस केवळ वर्षं मोजून मालक बनत नाही. आम्ही हे काकूंना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि सबमीटरच्या पेटीला कुलूप लावलं.

(दृश्य: देवघरावरचं छत. ओलीचा तपकिरी डाग, जुन्या डागाच्या आत नवा.)

वरच्या मोरीचं पाणी खाली झिरपतं ते नेमकं देवघरावर. स्लॅब दोन टप्प्यांत झालाय, सांधा तिथेच आहे. दुरुस्तीसाठी वरची मोरी तीन दिवस बंद ठेवावी लागेल आणि वर दोन लहान मुलं आहेत. त्यामुळे गेली दोन वर्षं देव तेवढे अर्धा फूट डावीकडे सरकलेत.

(दृश्य: खालच्या खोलीत टेबलावर लॅपटॉप, वेबकॅम, अंगठ्याचं यंत्र. एक तरुण एजंट. पुढच्या खोलीतलं जोडपं, काकू.)

अकरा महिन्यांचा करार. अकराच का, हे टेबलाभोवती कुणालाच ठाऊक नव्हतं, एजंटलाही. गोष्ट 1908 च्या नोंदणी कायद्यापर्यंत जाते. वर्षाहून जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदवणं त्या कायद्याने सक्तीचं केलं, म्हणून लोकांनी एक महिना कापला. महाराष्ट्रात या चलाखीचा आता काही उपयोग नाही. भाडे नियंत्रण कायदा, 1999 याच्या कलम 55 नुसार करार लेखी हवा आणि नोंदवलेलाच हवा, मग मुदत कितीही असो. नोंदवण्याची जबाबदारी मालकाची. न नोंदवल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा 5000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. शिवाय वाद झालाच, तर अटी काय ठरल्या होत्या याबद्दल भाडेकरू सांगेल ते आधी खरं धरलं जातं. खोटं ठरवायचं काम मालकाचं. म्हणजे शंभर-पाचशेच्या स्टॅम्पवर टाइप करून नोटरीचा शिक्का मारलेला जो कागद कित्येक कपाटांत जपून ठेवलेला आहे, तो ऐन वेळी फारसा कामाचा नाही.

आणि खर्च? एकूण भाडं अधिक अनामतीवरचं दहा टक्के व्याज, त्याच्या पाव टक्का मुद्रांक शुल्क. काकूंच्या पुढच्या खोलीचा हिशेब दोनशेच्या आसपास येतो. महापालिका हद्दीत नोंदणी फी 1000. वर एजंटचे. निम्मे-निम्मे ठरले होते. प्रत्यक्षात काकूंनी थोडे जास्त दिले.

अडलं मात्र भलत्याच ठिकाणी. भाडेकरू नवरा-बायकोचे अंगठे पहिल्या झटक्यात उमटले. काकूंचा उमटेना. एजंट म्हणाला, हात पुसून या. मग म्हणाला, बोट कपाळाला घासा. काकूंनी घासलं. पुन्हा लाल दिवा. चाळीस वर्षं भांडी घासून, धुणं धुऊन अंगठ्यावरच्या रेषा गुळगुळीत झाल्यात. मालक कोण ते यंत्राला पटायला वीस मिनिटं लागली, तीही डाव्या अंगठ्याने.

त्यानंतर भाडेकरूंची माहिती आणि फोटो पोलिसांच्या संकेतस्थळावर. ते काम एजंटने उभ्या-उभ्या उरकलं.

(दृश्य: दहीपुलाकडे जाणारी गल्ली. लाकडी सज्जा, टेकू दिलेली भिंत, वर उगवलेला पिंपळ.)

सिडकोतून निघून जुन्या नाशकात, दहीपुलाच्या बाजूला आलं, की घरमालक या शब्दाचा अर्थच बदलतो. इथे वाडे आहेत, आणि वाड्यांत आजोबांच्या काळापासूनचे भाडेकरू. आम्ही पाहिलेल्या एका खोलीचं भाडं 60 रुपये. 1999 च्या कायद्याने अशा भाड्यात वर्षाला चार टक्के वाढ करता येते. साठवर चार टक्के म्हणजे दोन रुपये चाळीस पैसे. तुळईला वाळवी लागली आहे, सुताराची दिवसाची मजुरी या खोलीच्या वर्षाच्या भाड्याहून जास्त आहे, आणि मालमत्तेवर इतक्या वारसांची नावं आहेत की दुरुस्तीला पैसे कुणी काढायचे हेच ठरत नाही. पावसाळ्याच्या तोंडावर महापालिका धोकादायक वाड्यांना नोटिसा देते. मालकाला वाटतं, जागा एकदाची मोकळी होईल. भाडेकरूला वाटतं, एकदा बाहेर पडलो की हक्क गेला. गोदावरीचं पाणी नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या कमरेला लागल्याची बातमी आली, की दोघंही रात्री जागे असतात, एकाच छताखाली.

(दृश्य: पुन्हा काकूंचं घर. जिन्याच्या वळणावर प्लास्टिकने झाकलेलं लोखंडी कपाट.)

हे कपाट काकूंचं नाही.

2019 मध्ये मागच्या खोलीत खानदेशातलं एक जोडपं राहायला आलं. तो अंबडला कंत्राटी कामगार. करार तोंडी. पहिलं वर्ष भाडं पाच तारखेच्या आत. मग टाळेबंदी. एप्रिल 2020 मध्ये राज्य सरकारने घरमालकांना सांगितलं, निदान तीन महिने भाडेवसुली पुढे ढकला, भाड्यासाठी कुणाला घराबाहेर काढू नका. काकूंनी ते बातम्यांत ऐकलं. ऐकलं नसतं तरी काय केलं असतं? तीनाचे सात महिने झाले. अनामत भाड्यात वळती झाली. तो कधी पाचशे आणून द्यायचा, कधी हजार, आणि प्रत्येक वेळी उंबऱ्याबाहेर चपला काढून उभा राहायचा.

शेजाऱ्यांनी सल्ला दिला, नळ बंद करा, आपोआप जाईल. भाडं थकलं तरी पाणी किंवा वीज तोडायला भाडे नियंत्रण कायद्याने मनाई आहे. काकूंना कलम ठाऊक नव्हतं. "तिला आठवा महिना होता हो," एवढंच त्या म्हणाल्या. पण हेही खरं, की त्याच दिवसांत त्या जिन्यावर त्याची वाट अडवून उभ्या राहिल्या आहेत, आणि मोठ्याने बोलल्या आहेत, गल्लीला ऐकू जाईल असं. ते सांगताना त्यांनी आम्हाला कॅमेरा बंद करायला लावला नाही.

एका सकाळी टेम्पो आला. निघताना तो म्हणाला, कपाट ठेवून जातो मावशी, पैसे फेडले की नेईन. किल्ली मात्र घेऊन गेला. फोन वर्षभर लागला, मग नंबर बंद झाला. भंगारवाला दोनदा विचारून गेलाय. दर जूनमध्ये काकू त्यावर नवं प्लास्टिक घालतात.

(दृश्य: फाटकावर पाटी, "खोली भाड्याने देणे आहे". एक तरुण आणि त्याची आई खोली बघायला आलेत.)

मागची खोली पुन्हा रिकामी आहे. विजेच्या आठ-दहा रुपयांवरून नव्हे, तिथल्या मुलाला चाकणला नोकरी लागली. खोली एक महिना रिकामी राहिली की 4500 गेले. घरपट्टी थांबत नाही. एप्रिलमध्ये आगाऊ भरली तर सूट मिळते, म्हणून ते पैसे काकू आधीच बाजूला काढतात. पंचवटीत राहणारी जाऊ त्यांना डिवचत असते, तुमची खोली रामकुंडाजवळ असती तर 2027 च्या सिंहस्थात दिवसाचं भाडं घेतलं असतं!

आल्या माणसांना काकू विचारतात, किती जण राहणार? कंपनी कोणती? पाळी रात्रीची असते का? आणि मग, सहज विचारल्यासारखं, आडनाव काय म्हणालात?

आडनाव कशाला, असं आम्ही नंतर विचारलं. काकू पदर सारखा करत म्हणाल्या, "सवय." गेले चार दिवस ज्या बाईची बाजू आम्ही घेत होतो, तिच्या दारातून या एका प्रश्नावर किती माणसं परत गेली असतील, ते ना त्यांनी मोजलंय, ना ते कुठल्या करारात लिहिलेलं असतं.

या वेळचं आडनाव चाललं. मुलाची आई खोली बघते, नळ सोडून बघते, खिडकी उघडते. खाली उतरताना तिचा हात जिन्यावरच्या प्लास्टिकला लागतो.

"हे कपाट पडूनच आहे का? याला वापरायला दिलंत तर बरं होईल."

"नाही," काकू म्हणतात. "ते भाडेकरूचं आहे."

(दृश्य स्थिर. कपाटाचं कुलूप. श्रेयनामावली.)